एक ओहम

रान्वाइगबाईंचे स्पीकर पुरुषभर उंच,
पातळ पडद्यांचे आणि भलते खाष्ट.
कागदावर लिहिलंय चार ओहम.
कागदावर काय, सगळ्यांचेच गुण जुळतात.

वार्दोत नोव्हेंबरअखेर मावळलेला सूर्य
जानेवारी अर्धा सरेतो तोंड दाखवत नाही.
त्या अंधारात मी तीन अॅम्प्लिफायर
बाईंच्या जिन्याने चढवले,
दोन उतरवले.

पहिला वाल्वचा, बारा वॅटचा, गोड गळ्याचा.
फिडलच्या खालच्या तारांपर्यंत निभावलं त्याने;
वर, जिथे हे स्पीकर घसरत घसरत
एका ओहमवर येतात,
तिथे त्याची जीभ टाळ्याला चिकटली.
दुसरा आकड्यांचा बढाईखोर.
एकदाच खणकन बोलला, आणि फ्यूज.

तिसरा छप्पन्न किलोंचा.
वाजो न वाजो, सहाशे वॅट जाळत बसतो.
"बिल येईल," मी आधीच सांगून टाकलं.
बाईंनी तीच टेप लावली, तिसऱ्यांदा:
आयविंडने याच स्वयंपाकघरात वाजवलेली,
त्र्याऐंशी सालची.

मी वरच्या तारा ऐकत होतो.
कुठे फाटत नव्हत्या.
बाईंनी मात्र टेप मागे नेली,
सूर सुरू होण्याच्याही आधी:
खुर्ची करकरते,
कुणीतरी नाक ओढतं,
गज उचलण्यापूर्वीचा एक श्वास.
पुन्हा मागे.
पुन्हा.

मार्चमध्ये जोडण्या तपासायला गेलो
तर अॅम्प्लिफायरवर लोकरी हातमोजे वाळत घातलेले,
ओलेकच्च, दोन जोड.
एक पुरुषी मापाचा.
यंत्राला हवा लागते, झाकू नये,
हे सांगायचं माझं कामच आहे.

कॉफी घेतली. निघालो.