काटा

बैठक भरली कायतान पोदेराच्या भट्टीमागे,
कारण क्लबच्या खोलीचं वीजबिल एप्रिलपासून थकलंय.
पिठाच्या पोत्यांवर आम्ही सातजण,
मध्ये स्टुलावर वास्कोच्या क्लबचं पत्र,
उडू नये म्हणून त्यावर एक उंडा ठेवलेला.

सोयरू वेळीप द्या, असं पत्रात होतं.
बदल्यात दोन पोरं घ्या,
एक डावखुरा, एक सहा फूट दोन,
शिवाय काचेचे बोर्ड
आणि कोर्टाला चार खांबांचे दिवे.

दिवे,
उल्हासबाब दोनदा म्हणाले.
खाणी बंद झाल्या तसे ट्रकवाले देणगी विसरले.
कुडचड्यात आम्ही खेळतो साडेसहापर्यंत,
मग चेंडू आणि धूळ एकाच रंगाची होते
आणि पास नाकावर येतो.

कायतानने हातातलं पीठ झटकलं.
सूर विकून मैदा आणणारा पोदेर
मी अजून पाहिला नाही, म्हणाला.

पण त्याचा गुडघा? कुणीतरी.
पण फोंड्याविरुद्धचे चौतीस? दुसरं कुणीतरी.
मेल्विन बराच वेळ गप्प होता.
मग भट्टीकडे बघत बोलला,
तो कोर्टवर असला
की आम्ही चौघे तिकीट न काढलेले प्रेक्षक.
यावर कुणी हसलं नाही.
मेल्विन त्याचा सगळ्यात जवळचा.

मी गुण लिहितो. वही माझ्याकडे,
म्हणून माना माझ्याकडे वळल्या.
वहीत सगळं आहे, फाऊल, फ्री थ्रो, कितव्या मिनिटाला काय.
शर्विलचे पाच नेम ओळीने चुकले होते
तरी सहावा चेंडू सोयरूने त्यालाच दिला,
आणि तोही चुकला,
त्यासाठी रकाना नाही.

मला मात्र आठवत होता सावर्ड्याच्या वाटेवरचा काटा,
बंद यार्डातला, खनिजाचे ट्रक तोलायचा.
खुशाली राखणदाराने एका रविवारी चालू करून दिला.
पाचहीजण चढले. वीस-वीसने सरकणारे लाल आकडे
तीनशे साठवर थांबले.
मग सोयरूने उडी मारली.
दोनशे ऐंशी.
चारशे साठ.
पुन्हा तीनशे साठ.
आम्ही पोट धरून हसलो,
खुशाली म्हणाला, मशीन मोडाल रे.
यातला सोयरूचा आकडा कुठला,
हे तेव्हा कुणी विचारलं नाही.

हात वर झाले. तीन इकडे, तीन तिकडे.
उरला माझा,
शाईने निळा झालेला,
ज्याच्या बदल्यात कुठलाच क्लब
शिट्टीसुद्धा देणार नाही.

तेवढ्यात कायतानची आग्नेला आत आली,
पाय, तो मघापासून भायर उभा आहे, म्हणाली.

सोयरू वाकून आत आला, दाराला त्याची सवय नाही.
कुणाकडे न बघता त्याने स्टुलावरचा उंडा उचलला,
मोडला, अर्धा मेल्विनला दिला.
पत्र जरासं हललं.
कुणी धरलं नाही.

तासभर आम्ही त्याला तोलत होतो.
त्याच्या मनगटावर पेनाने लिहिलेली
वास्कोच्या गाडीची वेळ
मला आत्ता दिसली,
घामाने पुसट,
म्हणजे आजची नव्हे.

घास गिळून त्याने विचारलं,
थंय रातचो उजवाड आसा मरे?

उल्हासबाब पायाखालचं पीठ बघत म्हणाले,
आसा.

बाहेर साडेसहा होऊन गेले होते.
धाकटी पोरं अजून खेळत होती,
दिसत कुणीच नव्हतं,
नुसता सिमेंटवर चेंडू,
कधी जवळ, कधी लांब,
आणि आम्ही सगळे कान देऊन
तो आत्ता कुणाच्या हातात आहे ते ओळखत होतो.