छाट

माझ्या घरात तंबाखूचा वास
भिंतींना आहे, उशीला आहे, पिठाच्या डब्यालाही आहे.
घरकुलात सगळ्यांकडे असाच.
रोज हजार विड्या वळते मी,
सुपातला जर्दा पदरावर सांडतो.
म्हणून लोकेशच्या तोंडाचा वास
मला कधी वेगळा आलाच नाही.

पुडी सापडली ती पँट भिजवताना.
नळाला पाणी पाचव्या दिवशी आलेलं,
बादल्या भरायची घाई,
आणि खिशात ओला मावा,
सुपारी फुगलेली, चुन्याचा डाग.
मी तशीच बसून मागे मागे गेले:
डबा कधीपासून भरलेला परत येतोय?
शेंगाचटणी तशीच, भाकरीचे चारही तुकडे तसेच,
फक्त कडा सुकून वर वळलेल्या.
"पोरांबरोबर खाल्लं," म्हणायचा.
कुठली पोरं?

बालामणीच्या धाकट्याने सांगितलं,
तुकडी बदलल्यापासून त्याच्याशेजारी कुणी बसत नाही.
मधल्या सुट्टीत तो अक्कलकोट रोडच्या टपरीवर असतो,
मोठ्या पोरांच्या गाड्या पुसतो, ते त्याला मावा देतात,
कधी मागे बसवून हायवेला नेतात,
हँडल सोडून.

मावा दाबला की भूक मरते.
भूक मेली की डबा उघडायला नको.
डबा उघडला तर कुणीतरी बघेल ना,
एकटाच बसलाय.

"तिन्नावा?"
दिवसातून एवढं एकच विचारते मी त्याला. जेवलास का.
"हं," म्हणतो, फोनच्या आतूनच.
त्याचे वडील रात्रपाळीला, टॉवेलच्या मागावर.
ते सकाळी नवाला जेवतात, मी उभ्याने,
हा कधी, माहीत नाही.
तीन माणसं,
ताटं एकमेकांना भेटत नाहीत.

कारखान्यात चेकर विड्या चाचपतो.
सैल निघाली, पान फाटकं निघालं, की बाजूला. छाट.
मी तिथे दर आठवड्याला भांडते.
भांडून वीस-पंचवीस परत मोजायला लावते.

परवा रात्री दीड वाजता कागद चुरचुरला.
पुडीच, वाटलं मला. हात उगारूनच उठले.
तर हा ओट्याला टेकून बसलेला,
नूडल्सचं पाकीट फोडून, कच्चंच,
वरून मसाला झटकून,
आवाज होऊ नये म्हणून गालात भिजवून खात.

दिवा लावला नाही मी.
काय काय बोलायचं ते पाठ केलं होतं,
पण टेकले शेजारी, गुडघे कटकन वाजले,
हात पुढे केला.
बराच वेळ काही नाही.
मग तळहातावर एक तुकडा आला.
खारट, तिखट, दाढेखाली खळ्ळ.

"अम्मा, तुझ्या हाताला जर्दा आहे," म्हणाला, "थांब."
आणि दुसरा तुकडा माझ्या ओठांशी धरला.

त्याच्या बोटांना चुन्याचा वास होता.
मी तोंड उघडलं.