ढकला

बेलरवाला अमळनेरहून आला,
दीड तासात गव्हाचं सगळं काड गिळून
अकरा गोल गठ्ठे मागे टाकून गेला.
एकेक अडीच क्विंटलचा,
जाळीत आवळलेला, माझ्या खांद्याला लागणारा.
उचलायचं यंत्र वेगळं, म्हणाला, भाडंही वेगळं.

शेत नाल्याच्या पल्याड, गोठा अल्याड.
आमच्याकडे एक पहार,
मोटेच्या काळातला नाडा,
बिजागऱ्या काढलेलं एक कवाड,
एक बैल
(त्याचा जोडीदार पोळ्यानंतर धुडकूआप्पाकडे गेला)
आणि हे.

ह्यांच्या आधीची दोन जगली नाहीत
म्हणून सासूबाईंनी ह्यांना जन्मल्याबरोबर
उंबऱ्यावरून सुपासकट लोटलं
आणि तेच नाव ठेवलं.
सतरा वर्षांत मी ते एकदाच घेतलंय, उखाण्यात.
दाराला मी "पुढे करा" म्हणते,
पाण्याच्या लोट्याला तांब्या.

तेव्हा त्या दिवशीही
ढकला, म्हणत होते मी. ढकला. अजून ढकला.

सपाटीवर गठ्ठा शहाण्यासारखा चालला.
उतारावर त्यानं आम्हाला विचारलं नाही,
कवाड तिथंच मोडलं.
मग समोरचा चढ.
नाड्याचं एक टोक वरच्या बाभळीला,
दुसरं गठ्ठ्याखालून घेऊन, वरून ओढून, बैलाच्या जुवाला.
मी बैलापाशी.
हे खाली, गठ्ठ्याला खांदा, हातात पहार,
वीतभर चढला की अडकण.
चैताचं ऊन, काडाची कुसं पाठीत,
वीत, अडकण. वीत, अडकण.
काठ दोन हात उरला होता.

नाडा तुटताना आवाज नाही झाला.
आवाज माझा झाला.

"लोटन!"

नाल्याच्या दोन्ही काठांनी ते नाव परत म्हटलं.
हे निरगुडीत पडले.
गठ्ठा त्यांच्या चपलेवरून गेला,
खालच्या धोंड्यावर फुटला,
आणि कोरड्या पात्रात सतरंजीसारखा
उलगडत, उलगडत, थांबला.

हे उठले. कोपर सोललेलं, केसांत काड.
गठ्ठ्याकडे बघेनात.
माझ्याकडे बघत राहिले,
जशी मी कुठून तरी पाहुणी आले होते.

मग जुन्या लुगड्याची झोळी केली.
तेवीस खेपा.
जे एका तुकड्यात येत नव्हतं
ते मुकाट्यानं पाठीवर आलं.
बाकीच्या दहांची जाळी उद्या शेतातच कापू, म्हणाले,
एवढंच बोलले.

सासूबाई ओट्यावर शेंगा सोलत होत्या.
"कोनले हाका मारी ऱ्हायंती वं?"

"म्हैसले," मी म्हटलं.

म्हैस काड चघळत होती.
सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं,
मग ह्यांच्या कोपराकडे,
आणि पदर तोंडाला लावून
शेंगा सोलू लागल्या.