चारही एकदम

रविवारी ऊन पत्र्यावर चढायच्या आत
मी बॉनेट उघडलं.
पद्मिनी, पांढरी, एक दार निळं, ते दुसऱ्या गाडीचं.
प्लगच्या जुन्या तारा वाळक्या शेवग्यासारख्या,
वाकवल्या की तडकायच्या.
नव्या विजापूर वेशीतून आणलेल्या,
लाल, गुळगुळीत, पिशवीत अजून रबराचा वास.

चारही एकदम उपटल्या.
त्यात सुख होतं, खोटं कशाला बोलू.
बसवताना एवढंच आठवलं की एकानंतर तीन येतो.
उरल्या दोन जागा.
आधी दोन, मग चार,
लहान आधी, मोठा मागं, पंगतीला बसवावं तसं.

किल्ली फिरवली.
सुरू झाली म्हणजे, सुरू झाली म्हणायचं.
हिवताप भरल्यासारखी हलायला लागली,
गिअरचा दांडा थरथर, आरशातली भिंत थरथर,
सायलेन्सर फाटकन खोकला
आणि यल्लव्वाच्या गच्चीवरची कबुतरं
वाळत घातलेले टॉवेल सोडून उडाली.

मग मी सगळ्यांवर संशय घेतला.
पेट्रोलवर, होटगी रोडच्या पंपावर,
कार्बोरेटरवर, जो बिचारा परवाच धुतलेला,
तारा विकणाऱ्या पोरावर, त्याच्या हसण्यावर.
प्लग काढले, फट पात्यानं मोजली, पुसून परत लावले.
इंजिन चालू ठेवून एकेक तार ओढून बघितली.
पहिली ओढली, मरायला टेकलं.
तिसरी ओढली, तसंच.
दुसरी ओढली, काही नाही.
चौथी ओढताना कोपरापर्यंत झटका बसला,
इंजिनाला मात्र पत्ताच नाही.

ठिणगी होती.
निळी, ठणठणीत, माझ्या हाताला विचारा.

दुपारी राजमल्लू मामा आला, चुन्याची डबी खिशात.
चाळीस वर्षं अशोक चौकाच्या कारखान्यात जॉबर,
आयुष्यात स्टेअरिंग धरलेलं नाही.
"काय करलालास बे?"
"तारा बदलल्या मामा, तेव्हापासून लंगडतीय."
"सगळ्या एकदम काढलास?"
"हो."
"खूण केलास?"
मी हातातलं फडकं झटकलं.

मामानं तंबाखू मळली. घाई नव्हती त्याला.
"बीम संपला की आम्ही जुना सूत ओढून काढत नव्हतो.
नवा बीम मागं लावायचा,
जुन्याच्या एकेक टोकाला नव्याचं एकेक टोक,
गाठ, गाठ, गाठ, दोन हजार गाठी,
बोटाची सालं निघायची.
मग हळूच ओढायचं, वहीतून, फणीतून,
जुना सूत नव्याला वाट दाखवत जातो.
आधीच उपटलास
तर कुठला सूत कुठल्या डोळ्यातला,
मालकाच्या बापाला पण सांगता येणार नाही."

"मग आता काय करू?"
"मला काय माहीत. गाडी तुझी."

एअर फिल्टरचा डबा उघडून ठेवलेला, उलटा.
झाकणाच्या आतल्या अंगाला, वंगणाखाली,
कुणीतरी खिळ्यानं कोरलेले चार आकडे:
१ ३ ४ २.
तीन वर्षं त्यावरून फडकं फिरवत आलो
आधीच्या मालकाचा मटका समजून.

दोन तारांची अदलाबदल. बस, एवढंच.
अर्धा मिनिट लागला नसेल.
यल्लव्वा वरून म्हणाली, "बंद पडली का?"
इतकी शांत चालू होती.

संध्याकाळी मामाला पुढं बसवून सात रस्त्यापर्यंत गेलो.
मांडीवर दोन्ही हात, देवळात बसल्यासारखा.
जुन्या तारा टाकल्या नाहीत,
एकीनं ते निळं दार बांधलंय, ते आपोआप उघडतं.

सिग्नलला मामानं मान तिरकी केली,
कान पुढं.
"बरं चाललंय," म्हणाला,
"पण तिसऱ्या मागावर कायतरी वाजलालंय."

मी हसलो.
मग काच वर केली,
आणि खरंच वाजत होतं.