खालचा खोका

बेयोग्लूच्या त्या नाटकघरात
वार्तुही एकतीस वर्षं
रंगमंचाखालच्या खोक्यात बसली.
मांडीवर संहिता, पायाशी शेगडी.
नटांचे चेहरे तिला कमी, पायच जास्त ठाऊक:
सुलतानाच्या जोड्याला पुठ्ठ्याचा तळ,
नायिकेच्या मोज्याला हिरव्या दोऱ्याचं रफू.

दोनदा जळलं. मग सिनेमा आला,
मग गालिच्यांचं गोदाम, आता बँक.
हस्तपत्रकावर तिचं नाव कधीच नव्हतं,
पुसावंही लागलं नाही.

तीन नंबरच्या खिडकीपाशी
म्हातारे नेजदेत बे
खात्याचा आकडा विसरतात.
मागे रांग खोकते.
ते खाली बघत राहतात, फरशीकडे,
ओठ जरासे उघडे,
पुढचा शब्द
तिथूनच यायचा असल्यासारखे.