हँडलवाला

खोक्यावर नाव माझं, गाव माझं,
पिनकोडसुद्धा बरोबर.
तळोधी फाट्यावर सहारेच्या पानठेल्यात
दोन दिवस पडून होतं पार्सल
सुपारीच्या पोत्यावर.

आत बंगाली पेपरचे सात थर,
मग चामड्याचं कव्हर, मग तो.
यशिकाच. दोन डोळे, एकावर एक.
पण उजव्या कुशीला हँडल नाही.
गोल नॉब, रॉकेलच्या स्टोव्हला असायचा तसा.

साडेनऊ हजार मी हँडलचे दिले होते.

फोटो काय, कशानेही निघतो.
माझ्या झेरॉक्सच्या दुकानात
आधारचे फोटो वेबकॅमनेच काढतो,
कोणी हसलं तर मशीन घेत नाही.
मला पाहिजे होता तो फेरा:
पुढे पाऊण, मग मागे,
आणि त्यातला आवाज,
वाळल्या शेंगेत बी हलावं तसा.
नागभीडला 'रूपश्री'त दुधरामजी नाकाडे
दर फोटोनंतर हँडल फिरवायचे,
मी बारा वर्षांचा, पांढरी चादर ताणून उभा,
खिडकीतलं ऊन लोकांच्या तोंडावर फेकत.
मंडईच्या दिवसांत रात्रीच्या नाटकातले राजे यायचे,
झोप अर्धी, मिशी अर्धी चिकटलेली,
पडद्यावरच्या काश्मीरसमोर
उधारीवर फोटो काढायला.
'हालू नका जी.'
टिक्.
मग तो आवाज. म्हणजे झालं, हाला आता.

विकणाऱ्याला फोन लावला, कोलकात्याला.
म्हणाला, दादा, दोन डबे होते, चिठ्ठ्या बदलल्या.
तुमचा कोइम्बतूरला गेला.
नंबर दिला.
कोइम्बतूर फोन उचलेना.

तोवर नॉबवाला घेऊन गेलो सागराकाकूंकडे.
दुधरामजींच्या मागे त्या एकट्याच,
अंगणभर मोहफुलं वाळत घातलेली.
झाकण उघडून वरून काचेत पाहिलं,
काकू उजवीकडून आल्या,
काचेत डावीकडून,
चष्मा पदराला पुसत.
म्हणाल्या, 'हाच तं होता.'
नाही काकू, त्याला हँडल होतं.
'हँडल माह्या मशीनले होतं, बाबू.
त्या काश्मीरच्या मांगं बसून
फॉल लावत होती नाई का मी.'

मी म्हटलं, असं कसं.
पुराव्यासाठी भिंती धुंडाळल्या.
घरभर त्यांनी काढलेले फोटो,
लग्नं, बारशी, बैलजोड्या, एक तहसीलदार,
आणि ज्याने काढले तो कॅमेरा
एकाही फोटोत नाही.
असणार कसा.

फुलं पोत्यात भरू लागलो काकूंना,
संध्याकाळ झाली,
तेव्हा आला कोइम्बतूरचा फोन.
त्याला हिंदी येईना, मला तमिळ.
'राँग कॅमेरा,' तो म्हणाला.
'राँग,' मी म्हणालो.
एवढ्यावर बरंच बोलणं झालं.
मग मी म्हटलं, हँडल. हँडल, सर, हँडल.
जरा वेळ नुसता पंखा ऐकू आला, तिकडचा.
मग त्याने फिरवलं.
पुढे पाऊण, मग मागे.

मी काही न बोलता
फोन काकूंच्या कानाला लावला.
वन्स मोअर, सर, म्हटलं.
त्याने पुन्हा फिरवलं.
काकूंनी मान वाकडी करून ऐकलं, शेवटपर्यंत,
हाताला लागलेला मोहाचा चिकटा लुगड्याला पुसला,
म्हणाल्या,
'तेल पाह्यजे मशीनले.'