अर्थिंग

सोमवारी क्वार्टरमधलं घर, पंचेचाळीस वर्षांचं.
पहिल्या दिवशी डोमाजी मिस्त्रीनं हातोडा उचललाच नाही,
नुसता फिरला, भिंतींवर टकटक करत,
खरबूज पारखावं तसा, कान लावून.

"हे पाडा. हे बी पाडा. हिले मात्र हात नोका लावू ताई,
बारीक दिसते, पन साऱ्या स्लॅबचा भार हिच्यावर हाय."
मी त्या भिंतीवर खडूनं फुली मारली.
मग वाटलं, फुली म्हणजे पाडायची की ठेवायची?
पुसून लिहिलं : नाही.

मागच्या मोरीवर सिमेंटचे पत्रे.
ते फोडायचे नाहीत, पाणी मारून
साबूत उतरवायचे, त्यातली कूस
छातीत गेली की निघत नाही म्हणे.
त्याच्या तोंडाला गमछा, माझ्या तोंडाला उन्हाचा स्कार्फ.
आणि याच पत्र्यांवर आम्ही मुंगवड्या वाळवल्या,
याच पत्र्याच्या फुटक्या तुकड्यानं
अंगणात लंगडीची घरं आखली,
रेघ पुसट झाली की तुकड्यावर फुंकर मारून.

दारांवर ऑइल पेंटचे थर :
हिरवा, आकाशी, त्याखाली पुन्हा हिरवा.
"कोरडं घासाचं नाही, जुन्या रंगात शिसं असते.
घरात लहान लेकरू हाय का?"
नाही, म्हटलं.
होतो आम्ही. दाराचे पोपडे नखानं सोलायचो.

बाबा तोवर चिमूरकरांच्या ओट्यावर
प्लास्टिकच्या खुर्चीत, आमच्या घराकडे तोंड करून.
पोस्टात सॉर्टर होते, वायरमन नव्हे.
तरी एक्क्याऐंशीच्या उन्हाळ्यात
एक पुस्तक, एक टेस्टर, पंधरा दिवसांची रजा
एवढ्यावर सगळं घर त्यांनी वायर केलं.

"काकांचं काम एक नंबर हाय," प्रज्योत म्हणाला,
लाकडी पट्टीवरून बोट फिरवत.
क्लिपा एका ओळीत, वळणं काटकोनात.
कूलरच्या सॉकेटमधून हिरवी वायर खाली गेलेली,
तिच्यामागे तो छिन्नीनं निघाला, वीत वीत.
फरशीच्या दोन फूट वर थांबला.
वायर तिथंच संपली होती.
टोकाला काळी टेप, नीट, तीन वेढे.

"अर्थिंगची वायर हाय ताई,
पन जमिनीत गेलीच नाही."

कितीतरी मे महिने. सत्तेचाळीस, कधी अठ्ठेचाळीस.
खसचा वास, पाण्याची टिपटिप,
आणि कूलरचा पत्रा, बोटाला मुंग्या आणणारा.
"झिणझिणते थोडं," इतकंच म्हणायचो सगळे.
आई, जी उंबऱ्याच्या आत
पाहुण्यांचीही चप्पल येऊ द्यायची नाही,
तिनं कूलरखाली रबरी चप्पल ठेवली होती, निळी.
आधी बटन, मग पिन उपसायची,
पायात चप्पल, उलटा हात लावून पाहायचा,
मग बादली.
विसरला म्हणून दादाला तिनं एकदाच मारलं,
पाहुण्यांसमोर, मोजून दोन.
आम्हाला ते जास्तीचं वाटलं होतं.

कूलर सरकवला तेव्हा मागे
एका पायाची निघाली. टाचेशी झिजलेली.

संध्याकाळी बाबांनी विचारलं,
"वायरिंग पाह्यलं माझं?"
"पाहिलं. क्लिपा अजून एका ओळीत आहेत."
ते बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिले.
एक ऑटो गेला, मग भाजीचा ठेला.
"खड्डा राहिला होता," म्हणाले.
"मे महिन्यात काळी माती कुदळीले ऐकत नाही.
म्हटलं, जून लागला की खणू."

आता अंगणात खड्डा आहे, माणूस बुडेल एवढा.
तांब्याची प्लेट, मीठ, कोळसा, वर एक पाइप.
प्रज्योत सांगून गेला, उन्हाळाभर रोज पाणी टाका,
माती सुकली की वायरीची साथ सोडते.

भिंतीवरचं "नाही" अजून पुसलेलं नाही.
त्याच्याखालून बाबा दिवे लागायच्या वेळी
तांब्या घेऊन जातात,
पाइपापाशी वाकतात, हळूहळू ओततात,
चपला ओट्यावर काढून.